मीटरचं कडं

“क्राऊनला जुने बोल्ट लावायचे नाहीत. नवे काढ,” थोरले म्हणाले.

“दादा, नवेच आहेत. तुझ्याच हातात आहेत.”

थोरल्यांनी हाताकडे पाहिलं. खरंच होते. “ते मला माहीत आहे रे. तुझं लक्ष कुठे आहे ते बघत होतो.”

छोट्या हसला. तो हसला याचं थोरल्यांना बरं वाटलं. थाप पचली होती.

गॅरेज दोघा भावांचं. गिऱ्हाइकं त्यांना थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर म्हणत. धाकट्याचे केस थोरल्यांच्या आधी पांढरे झाले होते, घरी नात रांगायला लागली होती, पण थोरल्यांच्या तोंडी तो अजून छोट्याच होता. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे सगळं छोट्याचं खातं. गिअरबॉक्स मात्र थोरल्यांचा. तो गाडीखालून उतरवायला छोट्या लागे, पण एकदा टेबलावर आला की त्यानं हात पुसत बाजूला व्हायचं. असा नियम कोणी केलेला नव्हता. कधीकाळी थोरले “राहू दे, मी बघतो” म्हणाले होते आणि ते तसंच चालत राहिलं.

आज टेबलावर सिस्टरच्या गाडीचा गिअरबॉक्स होता. सिस्टर म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरोघर जाऊन जखमा धुणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. गाडी लहान, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. तिच्या फेरीतली शेवटची वस्ती दगडाच्या खाणीवर होती, आणि तिकडे जाताना चढाच्या ऐन वळणावर खडी पसरलेली. तिथे आतल्या बाजूचं चाक हलकं व्हायचं आणि जागच्या जागी गरागरा फिरायचं. दुसरं चाक ढिम्म. मग सिस्टर गाडी तिथेच सोडून, औषधांची पिशवी खांद्याला लावून उरलेला चढ पायी चढायची. गुडघ्यांनी तक्रार सुरू केली तेव्हा तिने गॅरेजात येऊन विचारलं होतं, यावर तुमच्याकडे काही औषध आहे का म्हणून.

“आहे ना,” थोरले म्हणाले होते. “साध्या डिफरन्शियलला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या दोन चाकांना जोर वाटणाऱ्या भागाला, एक वाईट खोड असते, सिस्टर. जे चाक जास्त बोंबलेल त्याच्याच पानात वाढत राहतं. दुसरं बिचारं जमिनीवर पाय रोवून उभं असतं, त्याला काही नाही. ते काढून आपण लिमिटेड स्लिपचं बसवू. ते बोंबलणाऱ्याला आवरतं आणि उभा आहे त्याला जोर देतं.”

“गाडी सोसेल?”

“गाडी सोसेल. वळताना स्टिअरिंग हाताला जरा ओढ देईल, ती तुम्ही सोसायची.”

शर्यतीच्या गाड्यांत बसणारी ही वस्तू. उमेदीच्या काळात थोरल्यांनी अशी बरीच बसवली होती. अलीकडे असलं काम येत नसे. पण ते अंगावर घेताना त्यांच्या मनात सिस्टरच्या गुडघ्यांइतकाच स्वतःचाही विचार होता.

थोरले विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या असलं विसरणं नव्हे, ते तर सगळ्यांचंच होतं. एकदा ते घराच्या रस्त्यावरच उभे राहिले आणि डावीकडे जायचं की उजवीकडे ते आठवेना. बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून शांतपणे समजावलं, की हे हळूहळू वाढत जाईल. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “धाकट्या भाऊजींना सांगून टाका.” “सांगतो,” म्हणाले, आणि सांगितलं नाही. सांगितलं की काय होणार ते त्यांना दिसत होतं. छोट्या मायेने एक खुर्ची आणून देणार, त्यांना सावलीत बसवणार, चहा पाजणार. त्या खुर्चीची थोरल्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती. हे अवघड काम नीट पार पडलं तर अजून काही काळ टेबल आपलं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या मदतीला त्यांची जुनी सवय होती. गिअरबॉक्स उघडला की जी वस्तू निघेल ती टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायची. बसवताना उलट्या क्रमाने उचलत यायचं. फडकं रिकामं झालं की काम संपलं. त्याला आठवण लागत नाही, डोळे लागतात. आणि डोळे अजून शाबूत होते.

जुनं डिफरन्शियल काढून त्यांनी त्याच्यावरचं क्राऊन, म्हणजे ते मोठं दातेरी चाक, सोडवलं आणि फडक्यावर ठेवलं. रिकामं डिफरन्शियल भंगाराच्या खोक्यात टाकलं. क्राऊन नव्यावर चढवलं, नवे बोल्ट क्रमाने आवळले, बेअरिंगं दाबून बसवली, त्यांच्याखालच्या पातळ चकत्या पुन्हा पुन्हा मोजून घेतल्या. त्या कामात त्यांचे हात अगदी पूर्वीसारखे चालले. शेवटी फडक्यावर तेलाच्या डागांशिवाय काही उरलं नाही. थोरल्यांनी झाकण बसवलं, हाताने फिरवून पाहिलं आणि ते मोठ्याने हसले.

“चढव रे छोट्या गाडीवर! झालं आपलं.”

छोट्या तेव्हा खोक्यापाशी उभा होता. त्याने वाकून आत पाहिलं. मग “आलो दादा” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली. गाडी तिनेच चालवायची, थोरले शेजारी, छोट्या मागे. खाणीचा चढ सुरू झाला. वळण आलं. खडी चाकाखाली करकरली, आतलं चाक क्षणभर निसटलं, आणि लगेच बाहेरच्या चाकाने गाडी धरली. स्टिअरिंग ओढलं गेलं तसं सिस्टरने दोन्ही हातांनी घट्ट पकडलं.

“काढू नका पाय, काढू नका!” थोरले ओरडले.

जिथे ती रोज गाडी लावायची ती जागा मागे गेली. गाडी थेट वस्तीच्या पहिल्या घरापाशी जाऊन थांबली. सिस्टरने हँडब्रेक ओढला.

“मी इथे रोज धापा टाकत पोचते,” ती म्हणाली. “ज्यांची जखम धुवायची त्या आजीच आधी मला पाणी देतात. म्हणतात, तू बस, तुझंच काही खरं नाही.” तिला हसू आलं आणि डोळेही भरले. “मास्तर, कसे आभार मानू तुमचे?”

इतका आनंद थोरल्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता. काम जमलं होतं. टेबल आपलं होतं.

उतारावर गाडीने वेग घेतला तेव्हा सिस्टर सहज म्हणाली, “मास्तर, हा काटा का हलत नाही हो?”

थोरल्यांनी वाकून पाहिलं. झाडं भराभरा मागे पळत होती आणि वेगाचा काटा शून्यावर पडून होता.

“केबल सुटली असेल,” छोट्या मागून घाईघाईने म्हणाला. “गिअरबॉक्स काढताना सोडावी लागते ती. बघतो मी, सिस्टर. किरकोळ आहे.”

“असू दे हो. मला कुठे शर्यत खेळायची आहे!”

केबल सुटलेली नाही हे थोरल्यांना कळलं होतं. मीटर फिरवणारं एक पिवळट प्लास्टिकचं दातेरी कडं जुन्या डिफरन्शियलवर, बेअरिंगच्या आड घट्ट बसलेलं असतं. तीच वस्तू परत बसवायची असेल तर ते कधी काढावं लागत नाही. नवी घालायची असेल तर मात्र जुन्यावरून उतरवून नव्यावर चढवायचं. ते फडक्यावर आलंच नव्हतं. त्यामुळे फडकं रिकामं झालं होतं.

गॅरेजात आल्यावर सिस्टर बाहेर बाकावर बसली. थोरले तडक आत गेले आणि खोक्यात हात घातला. कडं तिथेच होतं, जुन्या डिफरन्शियलच्या अंगावर.

“तुला माहीत होतं.”

छोट्याने खोक्याकडे बघून मान हलवली.

“कधी दिसलं तुला?”

“काल. तू झाकण लावलंस तेव्हा.”

“आणि बोलला नाहीस? केबल म्हणे! मला वेड्यात काढतोस?” शब्द तोंडातून गेला आणि थोरल्यांनाच तो लागला. “माझ्या टेबलावरचं काम चुकतं आणि तू गिऱ्हाइकाला थापा मारतोस!”

“तू हसलास रे दादा,” छोट्या म्हणाला. “किती महिन्यांनी हसलास. मला नाही सांगवलं. रविवारी तू घरी असताना गाडी मागवून घेणार होतो. मीच उघडून बसवणार होतो.”

“तू? तुला येतं?”

“सगळा जन्म त्या बाजूला उभा राहून बघतोय. येईल की.”

थोरले खोक्याच्या कडेवर टेकले. भावाने चोरून आपली चूक झाकायची ठरवली होती, आणि आपल्याला ते कधी कळलंही नसतं. पुढचीही कळली नसती. काटा तरी शून्यावर पडून दिसला. क्राऊनचा एखादा बोल्ट सैल राहून चाकं अडकली असती तर त्या उतारावर काय झालं असतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

“माझं डोकं…” त्यांनी सुरुवात केली.

“माहीत आहे. वहिनीने सांगितलं.”

“कधी?”

“डॉक्टरकडून आलात त्याच संध्याकाळी. रडत होती रे. म्हणाली, ते आपणहून सांगेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.”

म्हणजे इतके दिवस आपण लपवत होतो आणि ही दोघं आपलं लपवणं सांभाळत होती. थोरल्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. फार एकटं वाटत होतं, ते मात्र जरा कमी झालं.

ते उठून बाहेर गेले. छोट्या “दादा, मी बोलतो” म्हणत मागे आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

“सिस्टर, गाडी आज मिळणार नाही. केबलचं कारण खोटं आहे. आतला एक भाग बसवायचा राहिला. मी विसरलो.”

“होतं हो मास्तर—”

“नाही, तसं नाही. मला विसरायचा आजार आहे.”

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. सिस्टरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. असल्या वाक्यांची तिला सवय असावी, कारण ती अरेरे म्हणाली नाही. “उद्या दुपारपर्यंत होईल?” तिने विचारलं.

“होईल. धाकटे मास्तर करतील.”

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. टेबलावर ठेवून झाल्यावर छोट्या सवयीने हात पुसत बाजूला होऊ लागला. थोरल्यांनी टेबलाला वळसा घातला आणि आजवर छोट्या जिथे उभा राहायचा तिथे जाऊन ते उभे राहिले. छोट्याला कळायला वेळ लागला. मग तो गुपचूप पलीकडे गेला.

त्याने झाकण उघडलं. नव्या डिफरन्शियलवरचं बेअरिंग ओढून काढलं. जुन्यावरचं कडं जपून उतरवलं आणि सैल व्हावं म्हणून गरम पाण्यात सोडलं. चिमट्याने बाहेर काढल्यावर त्याने विचारलं, “दादा, दाते कुठल्या अंगाला?”

त्याला ते माहीत होतं. मान ठेवायचा म्हणून विचारतोय, हे थोरल्यांना समजलं. आणि उत्तर शोधायला गेले तर ते सापडलं नाही. ठाऊक होतं ते सगळं होतं तिथेच कुठेतरी, पण हाताला लागेना.

“तुला वाटतं त्या अंगाला,” ते म्हणाले. “थंड व्हायच्या आत बसव.”

छोट्याने एकदाच वर पाहिलं आणि कडं दाबून बसवलं. तो वाकून कडेकडेने चाचपत होता. त्याची सावली कामावर पडत होती. थोरल्यांनी भिंतीवरचा हातदिवा काढला, लावला आणि त्याच्या खांद्यावरून पुढे धरला.

“जरा डावीकडे घे, दादा,” छोट्या मान वर न करता म्हणाला.

थोरल्यांनी दिवा डावीकडे घेतला.