साइडिंगमागचा गहू

आमच्या वस्तीत एकूण सहा घरं, एक फलाट आणि धान्याचं एक गोदाम. बाकी नजर जाईल तिथवर गहू, आणि तोही सगळा दुसऱ्यांचा.

आमचे हे इथले गँगमन. रुळांलगत जे उगवेल ते उपटायचं, ही यांची नोकरी. तीस वर्षांत यांनी कुणाची गय केली नाही. गेल्या साली स्टेशनमास्तरांनी रुळांलगतच्या कुंपणावर भोपळ्याचा वेल चढवला होता. चांगले दोन भोपळे धरलेले असताना यांनी तो मुळासकट काढला. तेव्हापासून मास्तर आमच्याशी कामापुरतंच बोलत.

आणि आता निवृत्तीला महिना उरला असताना याच माणसाने काय करावं? मालगाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाच्या, म्हणजे साइडिंगच्या पलीकडे, गोदामाच्या भिंतीलगत, मालगाडीतून सांडून उगवलेला गहू राखला! वीस पावलं लांब आणि हातभर रुंद. मला कळलं तेव्हा तो पिकायला चार दिवस होते आणि साहेबांची तपासणी दुसऱ्या दिवशी.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान! कापा आधी तो," मी म्हटलं. "जाता जाता मेमो घेणार आहात का?"

हे खाली बघत म्हणाले, "मजुराच्या पोटी जन्मलो, सगळा जन्म गव्हात काढला. एकदा तरी आपल्या गव्हाचं पीठ बघू दे की."

तरी मी विळा काढून दाराशी ठेवला.

सकाळी हे विळा घेऊन गेले आणि तसेच परत आले. हातच उचलला नाही म्हणे. साहेब अकराला यायचे होते. दहाला मास्तर गोदामाकडे आले. त्यांनी ओंब्यांकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली. भोपळ्याचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ कुठली?

मास्तर वळून फलाटाकडे निघून गेले. थोड्या वेळाने उभ्या मालगाडीचे रिकामे डबे मागे सरकत साइडिंगवर आले आणि बरोबर गव्हासमोर थांबले. फलाटावरून ओंबी दिसेना.

साहेबांनी नजर फिरवली, सही केली आणि चहा पिऊन गेले. हे तोवर आपल्या बुटांकडेच बघत होते.

चार दिवसांनी आम्ही दोघांनी गहू कापला, झोडपला, पाखडला. जेमतेम दोन किलो भरला. पीठ आलं तेव्हा हे डब्यात हात घालून कितीतरी वेळ बसून राहिले. मग अर्धं पीठ घेऊन स्वतःच मास्तरांकडे गेले. रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून मास्तरांनी त्यात भोपळ्याच्या पाच बिया घातल्या. यांनी त्या त्याच पावली कुंपणापाशी नेऊन लावल्या.

महिनाअखेरीला नवा गँगमन आला. यांनी त्याला सगळी लाइन फिरून दाखवली, विळा हातात दिला आणि म्हणाले, "हा वेल मास्तरांचा. याला वळसा घालून जायचं."

"पण काका, नियम..."

"नियम मला नको शिकवूस," हे म्हणाले. "तीस वर्षं पाळलाय. आता जरा पाणी घाल त्याला."