पेरूची फोड

कोल्हारला प्रथमोपचाराचं शिबिर भरलं, तेव्हा आशा सेविका असलेल्या रेश्मानं सासूला, बनुबाईला, ओढूनच नेलं. खुर्च्या भरायला म्हणून गेलेली बनुबाई तिथं रमली. घशात घास अडकला तर काय करायचं, हे तिनं शिकवणाऱ्या बाईंना दोनदा विचारून घेतलं.

चार दिवसांनी त्यांच्या वावरात कांद्याची लागवड चालू होती. दुपारी सगळ्या बाया लिंबाखाली जेवायला बसल्या. बनुबाईचा नवरा सहादेव पेरू खात गप्पा मारत होता. हसता हसता तो एकदम थांबला आणि त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला. एक जण पाणी घेऊन धावली.

"पाणी नको," बनुबाई म्हणाली. "अवो, बोलता येतंय का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. तोंड काळंनिळं पडत चाललं होतं. तिनं त्याला पुढं वाकवून पाठीवर पाच दणके दिले. काही उपयोग झाला नाही. मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ धरली आणि आत, वरच्या अंगाला हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला पेरूची फोड रोपांत जाऊन पडली.

सहादेवानं भरभरून श्वास घेतला. "आजवरचं सगळं उट्टं काढलंस व्हय गं?" तो कसाबसा म्हणाला.

बाया हसत सुटल्या. हसता हसताच बनुबाईनं डोळ्याला पदर लावला.

कळताच रेश्मानं सासऱ्याला तपासणीसाठी दवाखान्यात नेलं. वाटेत भेटेल त्याला सहादेव सांगत होता, "बायकूनं बडवलं, म्हनून मी जित्ता हाय."