राखून ठेवलेला चिखल

मी एक जुना चिखल आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! अरबी समुद्राच्या तळाशी थरावर थर साचत मी वाढलो. वरच्या पाण्यातले मोहरीहून बारीक जीव मरत आणि पाण्यात मुरलेला कार्बन आपल्या कवचांत घेऊन माझ्याकडे निजायला येत.

पृथ्वीची चालही सरळ नाही. हजारो वर्षांत तिची सूर्याभोवतीची वाट कधी गोल, कधी लांबट होते. तिचा आस कमीअधिक कलतो, भोवऱ्यासारखा डुलतो. मग उत्तरेचे उन्हाळे मंदावतात, बर्फ वाढतो आणि खोल समुद्र कार्बन पोटात दडवून बसतो. उन्हाळे पुन्हा तापले की बर्फ वितळतो आणि समुद्र तो कार्बन हवेत सोडतो. या साऱ्याच्या खुणा त्या कवचांत राहतात.

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या श्रीधर सरांनी जहाजावरून लांब नळी सोडून मला वर काढले आणि नागपूरला आपल्या कॉलेजात आणले. इथे समुद्र औषधालाही नाही! मग मला उभे चिरले. रीतच आहे तशी, अर्धा भाग कामाचा, अर्धा राखणीचा. मी राखणीचा. कामाच्या अर्ध्याचे, म्हणजे माझ्या भावाचे, तुकडे तपासायला गेले, त्याची वाहवा झाली. मला थंड कपाटात निजवून कुलूप घातले. पुढे सर निवृत्त झाले, भाऊ वापरून संपत आला. खरे सांगतो, मला फार एकटे वाटे.

यंदाच्या मे महिन्यात कपाटाचा गारवा अचानक बंद पडला. मी वाळून आक्रसलो, तडकलो. ओरडणार तरी कसा?

काही दिवसांनी भैरवी नावाची संशोधक विद्यार्थिनी आली. बर्फ वितळून समुद्राने कार्बन सोडला, त्या काळचे थर माझ्या भावात उरलेच नव्हते. तिचे सारे काम माझ्यावर अडले होते. कपाट उघडताच ती वाकून त्याची वायर शोधू लागली.

"जागेश्वरभाऊ, याचा प्लग कोणी काढला?"

शिपाई जागेश्वरचा चेहरा उतरला. "मीच काढला, मॅडम. कूलर लावाले दुसरी जागा नव्हती. परीक्षेची पोरं घामानं भिजून राहिली होती. मले वाटलं, माती तं हाय, मातीले काय होते?"

त्याच्यावर मी रागावू कसा? त्याने पोरांचीच काळजी केली होती.

भैरवीने मला हलकेच उचलले. काही थर भुगा होऊन एकमेकांत मिसळले होते, ते आता कोणालाच वाचता येणार नाहीत. उरलेल्यांतून तिने कवचे वेचली. इतक्या वर्षांत प्रथमच मला कोणाचा हात लागला. तुकडा कापला जाताना मला चक्क बरे वाटले.

मित्रांनो, आज माणसाच्या धुराने हवेतला कार्बन पृथ्वीच्या संथ डुलण्याहून फार वेगाने वाढतो आहे. पूर्वी काय घडले, हे सांगायला आमच्यासारखे थोडेच आहेत. आम्हाला जपा. पण जपणे म्हणजे कुलूप लावून विसरणे नव्हे, अधूनमधून दार उघडून पाहत जा.

आता जागेश्वर रोज सकाळी कपाट उघडतो, गारवा आहे का ते हाताने पाहतो आणि मलाच विचारतो, "बरा हायेस नं गा?"

माझे उत्तर त्याला ऐकू जात नाही. तरी मी रोज देतो.