दोन पिशव्या, दोन नळ्या

आमच्या लेकीचं, अक्षताचं लग्न झालं ते २००३ सालच्या मे महिन्यात. मांडवाचे बांबू अजून दारातच पडले होते, तेवढ्यात शेजारचे सयाजी आण्णा आपली घरगाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आले. सिनेमावाल्यांनी कोल्हापुरात टाकून दिलेली ही जुनी परदेशी गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं होतं. मागची बाजू मात्र म्हैस बसावी तशी बसलेली.

मी खाली शिरून बघितलं. मागच्या एक्सलवर, दोन्ही चाकांजवळ, भार पेलायला हवेच्या रबरी पिशव्या होत्या. दोन्ही तडकल्या होत्या.

"ट्रकचे पोलादी पाटे घालून देऊ का, आण्णा? जन्मभर बघायला नको."

"पाटं घातलंस तर दणक्यानं हिची कंबर पन्हाळ्यापतोर टिकंल व्हय?"

ही म्हणजे त्यांची बायको, धोंडुबाई. मणका सरकल्यापासून तीन वर्षं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. थोरली बहीण बाळाबाई पन्हाळ्यावर. ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, त्यांनाही खाली उतरता येईना. "फोनवर भांडायला चव येत न्हाई," असं धोंडुबाई म्हणायच्या. बहिणीला समोरासमोर बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुण्याहून एका आरामबसच्या पिशव्या मागवल्या. गाडी जॅकवर उचलली, सांगाड्याखाली लाकडी ठोकळे दिले. गंजलेले बोल्ट सोडवण्यात दोन दिवस गेले. नव्या पिशव्या बसवल्या आणि दोन्हींच्या नळ्या एकत्र आणून हवा भरायला एकच तोंड ठेवलं. दोघींना सारखी हवा! साबणाचा फेस लावून बघितला, एक बुडबुडा नाही. मी स्वतःवर फार खूश झालो.

चौथ्या दिवशी आण्णांनी गाडी हाकली. धोंडुबाई मागं पलंगावर, मी त्यांच्या पायाशी. सरळ रस्त्याला गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. केर्लीच्या पुढं पहिलं वळण आलं अन् गाडी एका अंगावर कलंडली. धोंडुबाई घसरत भिंतीला, दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर.

"केरबा! मला भनीकडं न्हेतोयस का वड्यात?"

पुढच्या वळणाला त्या दुसऱ्या भिंतीला. आण्णांनी वाघबिळाला पंक्चरच्या दुकानापुढं गाडी थांबवली. मी खाली शिरलो. पिशव्या धड, नळ्या धड, गळती कुठंच नाही.

"माघारी फिरूया," आण्णा म्हणाले.

"पाठ मोडली तरी फिरायची न्हाई," आतून आवाज आला. "केरबा, त्या दोन पिशव्यांची हवा एकच हाय का?"

"व्हय की वहिनी. सारखी वाटली जावी म्हणून."

"कुठली सारखी! जिच्यावर भार पडतोय ती आपली हवा दुसरीच्या पदरात टाकून मोकळी. मी दोन्ही सुनांच्या चुली का येगळ्या केल्या? एका चुलीवर एक राबत हुती अन् दुसरी फुगत हुती."

 तीस वर्षं ब्रेकच्या नळ्या जोडल्या, आणि हे डोक्यात आलं नव्हतं.

एकत्र आणलेला सांधा काढला. दुकानदाराकडून ट्यूबचं एक जादा तोंड घेतलं आणि प्रत्येक पिशवीची नळी वेगळी केली. तो दुकानदार मध्येच आत डोकावून म्हणाला, "पावणं, ह्यात न्हाणीघर बी हाय व्हय? आमच्या घरात न्हाई!"

"या की आंघोळीला," धोंडुबाई म्हणाल्या, "पर आधी हवा भरा."

त्यानं भरली. घाटात गाडी कलायची ती जुन्या गाडीनं कलावं तेवढीच. धोंडुबाई पलंगावरून हलल्या नाहीत. तोंड मात्र शेवटच्या वळणापर्यंत चालूच होतं. "सावकाश! मागं डबं हाईत का माणसं?"

बाळाबाई काठी टेकत दारात आल्या. गाडीकडं बघून म्हणाल्या, "घर घिऊनच आलीस व्हय गं? बरं झालं, मला रांधायला नको."

"रांधलंस कवा तू? आयतं खायाची सवय तुला!"

मग गाडीच्या पायरीवर बसून दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या आणि लगेच भांडायला लागल्या. धोंडुबाई तिथं सतरा दिवस राहिल्या.

बाळाबाई त्याच वर्षी दिवाळीनंतर, ६ नोव्हेंबर २००३ रोजी, पन्हाळ्यावर राहत्या घरी वारल्या.