शालनबाईंच्या शेतात काय पिकतं

स्वरूपाला नेमकं काय झालंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. घरात भांडण नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. हिंगोलीकडून लग्न करून ती कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुरुळी गावात आली, त्याला आता सहा वर्षं झाली होती. नवरा धम्मरत्न एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. तीही एका कंपनीत लाइनवर काम करायची. कंत्राट संपलं तेव्हा तर तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं. पण दिवाळीनंतर हळूहळू तिचं अंथरुणातून उठणंच अवघड झालं. भाजी चिरायला घेतली की हात मध्येच थांबायचा. आईचा फोन वाजत राहायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

धम्मरत्नने आधी माहेरी जाऊन यायला सुचवलं, मग सिनेमाला नेलं, आणि शेवटी सुचवणंच सोडलं. नणंद फोनवर व्हिडिओ पाठवायची. पहाटे पाचला उठा, आरशात बघून हसा. स्वरूपा एकदा खरंच आरशासमोर हसली. ते हसू बघून तिला जास्तच वाईट वाटलं.

अखेर तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या समुपदेशक पूनम मॅडमनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. मरावंसं वाटत नाही, पण सकाळी जाग नाही आली तरी चालेल असं वाटतं, हे स्वरूपाने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मॅडमनी तिला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. असा विचार वाढला तर थांबायचं नाही, लगेच यायचं, असं धम्मरत्नलाही बजावलं. निघताना त्या स्वरूपाला म्हणाल्या, "मन लागलं की उठेन, असं म्हणून वाट बघू नका. आधी थोडंसं काही करा, आणि मग मनाचं काय होतं ते नुसतं बघा. बरं वाटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. काय दिसलं तेवढं मला येऊन सांगा."

स्वरूपाला याचं नवल वाटलं. आतापर्यंत सगळ्यांनी तिला बरं व्हायला सांगितलं होतं, बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने बघायला सुरुवात केली. सकाळीच अंघोळ केली की जडपणा तसाच राहायचा, पण मान जरा मोकळी व्हायची. सगळा स्वयंपाक करायला गेली तर कणीक मळतानाच रडू आलं. नुसती काकडी चिरली तर जमलं. मग काही दिवस ती काकडीच चिरत राहिली. चालणं मात्र काही केल्या जमेना. ती गल्लीच्या टोकापर्यंत जायची, मोठ्या रस्त्यावरचे कंटेनर दिसले की परतायची. एकट्याने जमत नसेल तर सोबत घ्या, असं मॅडम म्हणाल्या.

सोबत मिळाली ती घरमालकीण शालनबाईंची. त्या मूळच्या याच गावातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. गुडघ्यांसाठी त्यांनाही डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. स्वरूपाला काय झालंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. चप्पल घालून त्या दारात उभ्या राहायच्या, एवढंच. ती नाही म्हणाली तर परत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

एकदा चालता चालता त्या एका लांबलचक निळ्या शेडसमोर थांबल्या. "हितं आमचं रान व्हतं," त्या म्हणाल्या. "कांदा करायचो आमी. जमीन कंपनीत गेली. पर माज्या शेतात आता काय पिकतं, ते मला ठावं न्हाई. तुला ठावं हाय का?"

स्वरूपाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती या शेडवरून बसने गेली होती. पाटीवर परदेशी नाव होतं, त्यातून काही कळत नव्हतं. तिने गेटवरच्या वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, पार्ट बनतात. कसले पार्ट, तर गाडीचे. गाडीत कुठे बसतात, ते त्यालाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर ती खाटेवर आडवी झाली, पण डोक्यात तो प्रश्न घोळत राहिला. किती दिवसांनी डोक्यात स्वतःशिवाय दुसरं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून ती आधी दारात उभी होती, शालनबाई मागून आल्या.

त्या दोघी टपरीवर गेल्या. शिफ्ट सुटायची वेळ होती. निळ्या शेडमधला रविराज नावाचा कामगार चहा पीत होता. शालनबाईंनी त्याला विचारलं तेव्हा तोही आधी पार्ट म्हणाला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्याने कप खाली ठेवला आणि टपरीशेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरची परवानगी घेऊन दार उघडलं. दाराच्या चौकटीला काळं रबर बसवलेलं होतं. त्याने ते बोटाने दाबून दाखवलं. हे आमचं, म्हणाला. हे नसेल तर पाणी, धूळ, आवाज, सगळं आत येतं.

त्याने दोघींना मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, पण आत सगळं एकदम दूर गेल्यासारखं झालं. शालनबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. काही वेळाने म्हणाल्या, "म्हंजी माज्या शेतात आता शांतता पिकती म्हन की."

स्वरूपाला हसू आलं. आरशातलं नव्हे, आपोआप आलेलं.

पुढच्या भेटीत तिने हे सगळं मॅडमना सांगितलं. गाडीतून उतरल्यावर घरापर्यंत छातीवरचं ओझं जाणवलंच नव्हतं, आणि रात्री ते परत आलं होतं. दोन्ही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दोन्ही खरं आहे.

मग दोघींना नादच लागला. कुठल्या शेडमध्ये काय बनतं ते त्या विचारत फिरू लागल्या. एका ठिकाणी सीटच्या आतला स्पंज बनायचा, एका ठिकाणी नुसते नट. एका गेटवरून त्यांना हाकलूनही दिलं. त्या दिवशी स्वरूपा रडत घरी आली आणि पुढचा सगळा आठवडा तिने शालनबाईंना दार उघडलं नाही. पण या वेळी, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, तिने धम्मरत्नला स्वतःहून सांगितलं, की आजचा दिवस वाईट आहे, तुम्ही फक्त जवळ बसा. तो बसला. मग तिनेच विचारलं, तुम्ही रोज जे खोके उचलता त्यात काय असतं?

त्याने कधी पाहिलं नव्हतं. खोक्यावर नंबर असतो, तो बघून रॅकवर ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवरून आला तो हातपाय न धुताच तिच्याजवळ बसला. पाण्याच्या पंपाचे पंखे असतात, म्हणाला, तळहाताएवढे, पितळेचे. सुपरवायझरने एक फुटका खोका उघडून दाखवला होता. त्यांचा आकार कसा असतो ते तो हवेत बोट फिरवून दाखवत होता. ती उठून बसली, आणि एकेकाला पाती किती असतात ते विचारू लागली.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी गोळी कमी केली, बंद केली नाही. स्वरूपाला अजून वाईट दिवस येतात. त्या दिवशी ती अंघोळ करते, काहीतरी छोटं चिरते, आणि धम्मरत्नला सांगते. बाकीच्या दिवशी ती आणि शालनबाई चालायला जातात. शेजारच्या निघोजे गावाच्या रस्त्याला एक शेड आहे, तिथून दुपारी गुळाच्या पाकासारखा वास येतो. ती कंपनी गोडाची तर नक्कीच नाही. तिथे काय बनतं ते अजून कळलेलं नाही.