इंद्रजीतसाठीचे लाडू

ज्या माणसानं आठ महिने तोंड दाखवलं नाही, तोच निघायच्या आदल्या दिवशी खोकं घेऊन दारात उभा राहतो, याला काय म्हणावं? संस्कृतीला एक शब्द सुचत होता, पण तो सख्ख्या चुलत्यासाठी घरात उच्चारण्यासारखा नव्हता.

तात्यासाहेब तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. फुलंब्रीकडची शेती तेच बघत आणि संस्कृतीचे वडील गेल्यापासून दोन्ही घरांतला शेवटचा शब्दही त्यांचाच. तिनं पाण्याच्या नियोजनातल्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ग्लासगोला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी पैठणचं एक स्थळ पुढं केलं होतं. ती नको म्हणाली. "पोरगी हातची गेली बघ, सुरेखा," असं तिच्या आईला सुनावून त्यांनी अबोला धरला. प्रवेश मिळाला, व्हिसा आला, साधा फोन नाही. आणि आता हे खोकं, तेही स्वतःच्या मुलासाठी.

"इंद्रजीतला दे," तात्या खुर्चीत बसत म्हणाले. "तुझ्या मोठ्या आईनं डिंकाचे लाडू केलेत. खाली तुपाचा डबा हाय, घरच्या म्हशीचं."

"तात्या, इंद्रजीतदादा लंडनला आहे. मी ग्लासगोला चालले."

"देश एकच ना? मग झालं."

"इथून मुंबईला जाऊन परत यावं, एवढं अंतर आहे ते. आणि दुधातुपाचं तिकडं नेऊ देत नाहीत. सापडलं तर मी अडकेन."

"कोण बघतंय! बाईमाणसाची बॅग कुणी उघडत नसतं." तिथल्या विमानतळावर जणू यांचा मेहुणाच कामाला होता. चहा पिऊन तात्या उठले. तू काय शिकणार, कुठं राहणार, एका शब्दानं विचारलं नाही. मुलीनं परदेशी जाऊ नये, पण चाललीच आहे तर ओझं न्यावं, असा त्यांचा हिशोब.

"मी बसवते बॅगेत," आई हळूच म्हणाली. "तू नको डोकं लावू."

सकाळी मायलेकी बॅग घेऊन कॉलनीतल्या गिरणीत गेल्या. पोत्यांचा मोठा काटा तिथंच होता. दळणाच्या रांगेतल्या बायका डबे बाजूला सारून बघायला जमल्या. गिरणीवाल्या कडुबानं बॅग काट्यावर ठेवली आणि खुशीत ओरडला, "बराब्बर तेवीस! लई नशीबवान हायेस, ताई."

सगळ्या हसल्या. संस्कृती नाही हसली. खोकं यायच्या आधीच बॅग विमानाच्या तेवीस किलोंच्या मर्यादेला टेकली होती. मग खोकं बसलं कशाच्या जागी?

घरी आल्या आल्या तिनं चेन ओढली. छोटा कुकर नव्हता. ज्वारीचं पीठ नव्हतं. आईनं उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्या नव्हत्या. आणि येसर नव्हतं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. नुसत्या पाण्यात उकळलं तरी आमटी होते. ते भाजताना आई दिवसभर शिंकत होती, डोळे पुसत होती, आणि म्हणत होती, "तिथं दमून आलीस तरी उपाशी नाय झोपणार." ते सगळं आता पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

संस्कृतीचं डोकं फिरलं. "कुणाला विचारून काढलं हे?"

"तू घेशील की तिथं विकत. थोरले हायेत ते, संस्कृती. जाऊ दे."

जाऊ दे! याच दोन शब्दांवर आईचं आयुष्य गेलं होतं. इंद्रजीतच्या लग्नात गावातल्या घरातली आईवडिलांची खोली तात्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून घेतली, ती कधी परत मिळाली नाही. जाऊ दे. नवरा गेल्यावर त्याच्या वर्षश्राद्धाची तारीखही तात्यांनी आपल्या सोयीनं ठरवली. जाऊ दे. आणि आता लेकीच्या बॅगेतसुद्धा आयत्या बिळात नागोबा, आणि बीळ रिकामं करून देणारी हीच! संताप नेमका कुणावर काढावा हेच संस्कृतीला कळेना.

दुपारी तिनं इंद्रजीतला फोन लावला. तो घाईत होता. "अगं, कशाला आणतेस? इथं सगळं मिळतं. मागचे लाडू मी ऑफिसात वाटले. तूही वाटून टाक तिथंच."

तिनं खोकं बॅगेतून उपसलं, तुपाचा डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि मोठी ताटं काढली.

गाडी संध्याकाळची होती. चारच्या सुमारास शेजारीपाजारी, भावकी, गिरणीतल्या बायका, सगळे निरोपाला आले. चहाबरोबर लाडूंची ताटं फिरली. तात्यासाहेबही आले, मधल्या खुर्चीत बसले आणि एक लाडू संपवून त्यांनी दुसऱ्याला हात घातला.

"वा! याला म्हणतात लाडू. कुणी केले?"

"मोठ्या आईनं," संस्कृती म्हणाली.

तात्यांचा हात तोंडाशी थांबला. "म्हंजे? इंद्रजीतचे?"

"दादाच म्हणाला, वाटून टाक. मागचेही त्यानं ऑफिसात वाटले होते."

तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. पण ते संस्कृतीकडं वळलेच नाहीत. सवयीनं ते वळले तिच्या आईकडं.

"सुरेखा! पोरीला काय शिकवलं का नाय?"

आईनं पदर सारखा केला. आता ती माफी मागणार, हे संस्कृतीला पक्कं ठाऊक होतं. आई उठली, आत गेली, तुपाचा डबा घेऊन आली आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवला.

"शिकवलं, तात्या," ती म्हणाली. "म्हणून तर चालली."

मग सगळ्यांसमोर ती खाली बसली, पलंगाखालचं गाठोडं ओढलं आणि येसराची पिशवी बॅगेत अगदी मधोमध ठेवली.

"चेन लाव," ती लेकीला म्हणाली. "गाडी चुकंल."