झुलालचा वाटा

यशोदाबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि रोट सरळ कॅरमच्या पाटावर ठेवला. सोंगट्या चहूकडे गेल्या. भुसावळ स्टेशनामागच्या त्या सोल्जर क्लबात ग्रामोफोन वाजत होता, पाच-सहा शिपाई चहा पीत होते. सगळे बघतच राहिले. बघेनात का! धरणगावाहून ती काय कॅरम खेळायला आली होती?

श्रावणातल्या कानबाई देवीचा रोट म्हणजे घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळून केलेली प्रसादाची जाड भाकर. यंदा तिचे थोरले दीर, सुकदेव नाना, म्हणाले होते की झुलालची मूठ धरू नका. ब्रह्मदेशच्या लढाईवरून अकरा महिने पोराची चिठ्ठी नाही. जो नाही त्याच्या नावानं गहू कशाला मोजायचे? यशोदाबाईनं सगळ्यांदेखत लेकाची मूठ टाकली, चांगली भरून टाकली. मग बायका कुजबुजल्या, त्याचा वाटा खाणार कोण? हा रोट वाया घालवायचा नसतो आणि परक्यालाही द्यायचा नसतो. पलटणीतले तर झुलालचे भाऊच, म्हणून ती त्यांच्याकडे आली. तिला अडवायला नानाही त्याच गाडीनं आले होते. ते दारात धापा टाकत उभे राहिले आणि त्यांनी तिच्यासमोरच्या शिपायाकडे बोट दाखवलं.

"हाऊ आपला भाऊबंद नही, यशोदा."

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. समोरचा कोवळा शिपाई गढवालकडचा होता. त्यानं हात पुढे केला, तशी तिनं विचारलं, घरी चिठ्ठी कधी धाडली? तो ओशाळला. आठ महिने झाले होते. यशोदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं रोट मागं ओढला.

"पहिले लिख. मंग जेव."

काय लिहू, असं त्यानं विचारलं.

"लिख, मी शे. बस."

क्लबाच्या कारकुनानं कार्ड दिलं. पोरानं खाली मान घालून, मी आहे, अशा दोन ओळी खरडल्या, तेव्हा कुठं तिनं त्याच्या हातावर तुकडा ठेवला. आणखी दोघे न सांगता कार्ड मागायला उठले.

नाना सकाळपासून उपाशी होते. बराच वेळ उभं राहून अखेर ते त्या शिपायाशेजारी बाकावर बसले आणि त्यांनीही हात पुढे केला. यशोदाबाईनं तुकडा मोडला, पण दिला नाही. दिराशी ती आजवर मान वर करून बोलली नव्हती.

"पहिले म्हना, झुलाल शे."



"शे," नाना पाटाकडे बघत पुटपुटले.

तिला ऐकू आलं होतं, बाकी सगळ्यांना नाही.

"जोरमा म्हना, नाना. बठ्ठासले ऐकू जाऊ द्या."